टोल की कर: रस्त्याचे पैसे कोण भरतो आणि जोखीम कोण उचलतो?

हिशेबनीस (धागाकर्ता)

टोलचा विषय निघाला की दोन वेगळे प्रश्न एकाच पोत्यात कोंबले जातात. पहिला, रस्ता बांधायला आज लागणारी रोकड कुठून आणायची? दुसरा, ती रोकड शेवटी कुणाच्या खिशातून फेडायची? पहिल्याची उत्तरं बरीच आहेत: सरकारी कर्ज, रोखे, बँका, खासगी भांडवल. दुसऱ्याची दोनच: रस्ता वापरणारा, नाहीतर करदाता. खासगी कंपनी "स्वतःचे पैसे घालते" हे अर्धं खरं आहे. ती आगाऊ घालते आणि व्याज-नफ्यासकट परत नेते.

म्हणून "टोल म्हणजे खासगीकरण" हे समीकरण चुकीचं. पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक १९४० पासून टोलवर चालतो आणि मालक आहे सरकारी आयोग. उलट इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकात कितीतरी रस्ते खासगी कंपन्यांनी बांधले, पण चालकाने एक पैसाही भरला नाही. सरकार वाहनं मोजून तिजोरीतून पैसे देत होतं. त्याला शॅडो टोल म्हणतात.

आता गणित. १०० किमीचा रस्ता, खर्च १,००० कोटी, परतफेड २५ वर्षांत. सरकारने ६ टक्क्यांनी कर्ज काढलं तर वर्षाचा समान हप्ता साधारण ७८ कोटी. बँकेचं व्याज आणि भागधारकांचा परतावा मिळून खासगी पैशाचा सरासरी भाव ९ टक्के धरला तर हप्ता १०२ कोटींच्या घरात. वर्षाला २४ कोटींचा फरक. हा फरक कंपनीने वेळेत काम संपवून, स्वस्तात बांधून किंवा देखभालीत वाचवून भरून काढला तरच सरकार-खासगी भागीदारीला अर्थ आहे. ती बचत नक्की कुठून येते आणि कुठे येत नाही, यावर जाणकारांनी लिहावं.

---

विनाटोल

आधी माझ्या साध्या प्रश्नाचं उत्तर द्या. इंधनावर कर भरतो, गाडी घेताना कर भरतो, वर टोल. एकाच रस्त्याचे तीनदा पैसे कशाला?

---

एक्सललोड

@विनाटोल, तक्रार रास्त आहे, पण इंधनकर "रस्त्याचा" आहे हे गृहीत तपासून घ्या. बहुतेक देशांत तो सरळ सर्वसाधारण तिजोरीत जातो. ब्रिटनने १९२० मध्ये वेगळा रोड फंड काढला. १९२६ मध्ये अर्थमंत्री चर्चिल यांनी त्यातले पैसे दुसरीकडे वळवले आणि १९३७ मध्ये वाहनकराची रस्त्यांशी असलेली बांधीलकीच संपली. अमेरिकेने १९५६ मध्ये हायवे ट्रस्ट फंड काढला. तिथला केंद्रीय पेट्रोल कर १९९३ पासून गॅलनमागे १८.४ सेंटवरच अडकला आहे. महागाईशी तो जोडलेला नाही, गाड्या कमी इंधनात जास्त पळतात, त्यामुळे २००८ पासून निधीत सर्वसाधारण तिजोरीतून भर घालावी लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे इंधनकर रस्त्याच्या झिजेच्या प्रमाणात पडत नाही. इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या आशो रोड टेस्टमधून चौथ्या घाताचा नियम आला: रस्त्याचं नुकसान साधारणपणे एक्सलवरच्या (चाकांच्या आसावरच्या) वजनाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतं. एका टनाचा एक्सल आणि दहा टनांचा एक्सल यांच्या नुकसानीत १०,००० पटींचा फरक. ट्रक काही दहा हजार पट डिझेल पीत नाही. याच नियमाने, मर्यादेपेक्षा २० टक्के जास्त माल भरला की नुकसान १.२ चा चौथा घात, म्हणजे दुपटीला जरा जास्त. डांबरी थर पंधराऐवजी सात-आठ वर्षांत का फुटला, याचं उत्तर बरेचदा कंत्राटदाराच्या डांबरात नसतं, वजनकाट्यावर असतं.

(घात नेमका चारच असतो असं नाही, थरांच्या रचनेप्रमाणे बदलतो. पण दिशा तीच.)

स्वित्झर्लंडने २००१ पासून साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना टन-किलोमीटरवर शुल्क लावलं, तेही सगळ्या रस्त्यांवर. जर्मनीने १ जानेवारी २००५ ला १२ टनांपासून सुरुवात केली, २०१५ मध्ये मर्यादा साडेसात टनांवर आणली आणि २०२४ मध्ये साडेतीनवर. दोन्ही ठिकाणी पैसे सरकारचेच. टोल हे वसुलीचं हत्यार आहे, ते कुणाच्या हातात द्यायचं हा वेगळा निर्णय.

---

रोखेवाला

हिशेबनीसांच्या गणिताला माझी हरकत आहे. ६ टक्के हा रस्त्याचा भाव नाही, सरकारच्या कर बसवण्याच्या अधिकाराचा भाव आहे. सावकार सरकारला स्वस्तात पैसे देतो, कारण रस्ता ओस पडला तरी सरकार करातून फेडणार. ती जोखीम नाहीशी होत नाही. करदात्याच्या माथी असते, फक्त तिचं बिल कुणी फाडत नाही. खासगी ९ टक्क्यांत ते बिल उघड दिसतं. दोन्ही आकडे एका ओळीत ठेवून "२४ कोटी वाया" म्हणणं म्हणजे विमा न काढलेल्या घराला स्वस्त म्हणणं.

---

हिशेबनीस

@रोखेवाला, मान्य, पण एका अटीवर: जोखीम खरोखर कंपनीकडे गेली असेल तर. बुडाल्यावर सरकार धावून येणार असेल तर आपण विम्याचा हप्ता ९ टक्क्यांनी भरतो आणि दावाही स्वतःच चुकता करतो.

---

वाहनगणती

दोघांचा वाद जिथे अडलाय, तिथेच या धंद्याचा कणा आहे: वाहतुकीचा अंदाज. वाहतूक-अंदाजांचे अभ्यासक रॉबर्ट बेन यांनी शंभरावर टोल प्रकल्प तपासले. पहिल्या वर्षी प्रत्यक्ष वाहतूक सरासरीने अंदाजाच्या सुमारे ७७ टक्केच निघाली.

२३ टक्के घट म्हणजे काय होतं ते वरच्याच रस्त्यावर बघा. हप्त्याचे १०२ कोटी, देखभाल ३० कोटी, वसुलीचा खर्च १० कोटी. म्हणजे वर्षाला १४२ कोटी जमायला हवेत. रोज २०,००० कारइतकी वाहतूक पूर्ण १०० किमी धावेल असं धरलं तर किलोमीटरला सुमारे १.९५ रुपये पडतात. कर्ज ७०० कोटी, ८.५ टक्के, २० वर्षं: हप्ता ७४ कोटी. देखभाल-वसुली वजा जाता हातात १०२, म्हणजे हप्त्याच्या १.३८ पट. बँक खूश.

आता वाहतूक ७७ टक्के. जमा १०९ कोटी. देखभाल आणि वसुलीचे ४० कोटी कमी होत नाहीत, रस्त्याला ऊन-पाऊस तेवढाच लागतो. उरले ६९. हप्ता ७४. वाहतूक २३ टक्क्यांनी घटली, पण हातातली रोकड ३२ टक्क्यांनी घटली आणि पहिल्याच वर्षी कर्ज थकलं.

अंदाज चुकतो कसा? सर्वेक्षणात चालकाला विचारतात, "वीस मिनिटं वाचली तर किती द्याल?" कागदावर तो जास्त सांगतो, नाक्यावर गाडी जुन्या रस्त्याला वळवतो. सगळ्यांच्या वेळेची किंमत एकच धरली की मॉडेल कोसळतं, कारण मधल्या माणसाचं उत्पन्न सरासरीपेक्षा कमी असतं. ट्रकमालक तर वेळेपेक्षा फेरीचा रोख खर्च बघतो. ब्रिटनमध्ये एम६ महामार्गाला पर्याय म्हणून एम६ टोल हा रस्ता डिसेंबर २००३ मध्ये सुरू झाला, पण ट्रक मोठ्या संख्येने फुकटच्या, तुंबलेल्या एम६ वरच राहिले. शिवाय नव्या रस्त्याची सवय लागायला दोन-चार वर्षं जातात. मॉडेलमध्ये तो चढ बरेचदा एका वर्षात उरकलेला असतो.

आणि सगळ्यात वाईट, लिलावाची निवड. पाच कंपन्यांनी पाच अंदाज बांधले की काम मिळतं सगळ्यात आशावादी कंपनीला. अंदाज सरासरीने बरोबर असले तरी जिंकणारा चुकलेलाच असतो.

सिडनीच्या क्रॉस सिटी टनेलसाठी दिवसाला ९० हजारांच्या आसपास गाड्या धरल्या होत्या. २००५ मध्ये बोगदा उघडला तेव्हा त्याच्या जवळपासही आकडा गेला नाही. बोगद्यात गाड्या ढकलायला वरचे रस्ते अरुंद केले, तेव्हा लोक आणखी भडकले. २००६ संपायच्या आत कंपनी धनकोंच्या ताब्यात. ब्रिस्बेनचा क्लेम७ बोगदा मार्च २०१० मध्ये सुरू झाला आणि वर्षभरात त्याच वाटेने गेला.

---

रोखेवाला

@वाहनगणती, पण हीच तर माझी बाजू आहे! सिडनीत आणि ब्रिस्बेनमध्ये भागधारकांचे पैसे बुडाले, बोगदा जागेवर राहिला आणि गाड्या चालूच राहिल्या. जोखीम खरोखर हलली होती.

---

विनाटोल

आणि स्पेनमध्ये?

---

रोखेवाला

स्पेनमध्ये नाही, हे कबूल. माद्रिदभोवतीचे टोलरस्ते बुडाले. भूसंपादनाचा खर्च अंदाजाच्या कितीतरी पट झाला, मंदीत वाहतूक आटली, आणि २०१८ मध्ये रस्ते सरकारी कंपनीकडे आले. तिथल्या कायद्यात करार कुठल्याही कारणाने संपला तरी बांधकाम आणि जमिनीसाठी सरकारने भरपाई देण्याची तरतूद होती. बँकांना ते आधीपासून ठाऊक होतं, म्हणून वाहतुकीचा अंदाज कुणी फार कुरतडून पाहिला नाही.

---

लिलावपंडित

कंपनी किती आशावादी बोली लावते हे लिलाव कशावर होतो त्यावर ठरतं. लोक हा भाग वगळतात, म्हणून सविस्तर लिहितो.

मेक्सिकोने १९८९ ते १९९४ मध्ये पन्नासच्या वर टोलरस्ते दिले. निकष होता, जो सगळ्यात कमी वर्षांत रस्ता परत करेल त्याला काम. ऐकायला लोकहिताचं. पण मुदत आखूड म्हणजे टोल चढा, टोल चढा म्हणजे गाड्या जुन्या रस्त्यावर. त्यात १९९४ च्या अखेरीस पेसो कोसळला, व्याजदर भडकले. १९९७ मध्ये सरकारला २३ रस्ते ताब्यात घ्यावे लागले, कर्जासकट.

टोलचा दर सगळ्यात कमी मागणाऱ्याला काम दिलं तर तो आधी कमी मागतो आणि दोन वर्षांनी दर वाढवण्यासाठी वाटाघाटीला बसतो. सगळ्यात कमी अनुदान मागणाऱ्याला दिलं तरी तेच, फक्त दार वेगळं.

एंगेल, फिशर आणि गॅलेतोविच या अर्थशास्त्रज्ञांनी यावर जो तोडगा मांडला त्याचा वापर चिलीने १९९८ मध्ये सँटियागो–वालपाराइसो रस्त्यासाठी केला. टोल सरकार ठरवतं. कंपनी बोली लावते ती टोलच्या एकूण उत्पन्नाच्या आजच्या मूल्यावर: "मला ठराविक दराने वटवलेले (म्हणजे पुढच्या पैशाची आजची किंमत काढून) अमुक इतके पैसे मिळाले की रस्ता तुमचा." सगळ्यात कमी आकडा जिंकतो. वाहतूक चांगली झाली तर मुदत लवकर संपते, मंदी आली तर आपोआप लांबते. अंदाज चुकला तरी कंपनी सहसा बुडत नाही, मुदत फक्त सरकते. शिवाय सरकारला रस्ता मध्येच परत हवा असेल तर किंमत हिशेबातच असते: बोलीचा आकडा वजा आतापर्यंतची वटवलेली वसुली. वकिलांची चंगळ नाही.

दोन दुखणी आहेत. आज गाडी आली काय, उद्या आली काय, रक्कम तेवढीच. म्हणून गाड्या ओढायची कंपनीला फार घाई नसते आणि सेवेचा दर्जा करारात दंडासकट लिहावा लागतो. आणि मुदत लांबली की देखभालीची वर्षं वाढतात. ती बोलीत धरलेली नसतील तर शेवटच्या वर्षांत खड्डे दिसू लागतात.

भारताच्या बीओटी (बांधा, वापरा, हस्तांतरित करा) करारातलं कलम याचा अर्धा भाऊ आहे. ठरलेल्या तारखेला अपेक्षित धरलेल्या वाहतुकीत दर १ टक्का तुटीमागे मुदत दीड टक्क्याने वाढते, जास्तीत जास्त २० टक्के. वाहतूक जास्त निघाली तर दर टक्क्यामागे पाऊण टक्का कमी होते, जास्तीत जास्त १० टक्के. अडचण अशी की हप्ता थकतो तिसऱ्या वर्षी आणि मुदतवाढ मिळते वीस वर्षांनंतर. बँकेला तिचा उपयोग तहानेच्या वेळी विहिरीचा नकाशा मिळण्याइतकाच.

---

कलमवाचक

लिलावपंडितांच्या प्रतिसादाला +१. आता करार हातात आला तर आधी काय वाचायचं. वाहतुकीचे तक्ते शेवटी. पहिल्यांदा करार मोडल्यावर कोण किती देतो ते पान काढा. कंपनीच्या चुकीने मोडला तरी थकीत कर्जाचा मोठा हिस्सा सरकार देणार असेल, तर बँकेची जोखीम तेवढ्यापुरती सरकारी आहे हे समजून पुढचं वाचा.

मग स्पर्धेचं कलम. कॅलिफोर्नियात एसआर-९१ या राज्य महामार्गाच्या दुभाजकाच्या जागेत डिसेंबर १९९५ मध्ये खासगी एक्सप्रेस लेन सुरू झाल्या. करारात अट होती की दोन्ही बाजूंच्या दीड मैलांच्या पट्ट्यात राज्याने रस्त्याची क्षमता वाढवायची नाही. बाजूच्या फुकट लेन तुंबल्या तरी हात बांधलेले. शेवटी २००३ मध्ये ऑरेंज काउंटीच्या वाहतूक प्राधिकरणाने २०.७५ कोटी डॉलर मोजून लेन विकत घेतल्या, मुख्यतः त्या कलमातून सुटायला. अशी अट घालायचीच झाली तर "बांधायचं नाही" असं नको. "बांधलं तर या सूत्राने भरपाई" असं हवं.

तिसरं, दरवाढीचं सूत्र. ओंटारियोचा ४०७ हा महामार्ग १९९९ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर गेला. वाहतूक ठरावीक पातळीच्या वर राहिली की टोल किती वाढवायचा हे कंपनी ठरवते. भारतात २००८ च्या नियमांनुसार दरवर्षी ३ टक्के ठराविक, अधिक घाऊक किंमत निर्देशांकातल्या वाढीचा ४० टक्के भाग. दोन्ही टोकं बघून ठेवा.

आणि ताबा परत देण्याचं कलम. शेवटच्या दोन-तीन वर्षांत कंपनी नवा थर का टाकेल? म्हणून मुदत संपायच्या आधी संयुक्त तपासणी, थराचं उरलेलं आयुष्य मोजणं आणि तोवर टोलच्या जमेतला काही हिस्सा वेगळ्या खात्यात अडकवून ठेवणं, हे तिन्ही हवं. नुसतं "सुस्थितीत परत करावा" असं वाक्य असेल तर रस्ता कुठल्या स्थितीत येईल ते सांगायला ज्योतिषी नको.

---

एक्सललोड

भूसंपादनाचं राहिलं. कामाची तारीख धरण्याआधी किती टक्के जमीन ताब्यात हवी हे बघा. ८० टक्के ही भारतीय करारांतली नेहमीची अट. पण उरलेले २० टक्के सलग एका टोकाला असतील तर ठीक. दर पाच किलोमीटरवर दोनशे मीटरचे तुकडे असतील तर खडी टाकायची यंत्रं सतत हलवत बसा. एकूण टक्केवारीइतकाच सलग लांबीचा आकडा महत्त्वाचा.

---

वाहनगणती

वसुलीच्या खर्चाचं थोडक्यात. इंधनकर मूठभर डेपोंवर गोळा होतो, खर्च नगण्य. माणूस बसवलेल्या नाक्याची एक लेन तासाला साडेतीनशेच्या आसपास गाड्या सोडते. थांबा नसलेल्या इलेक्ट्रॉनिक पद्धतीत लेन जवळपास पूर्ण क्षमतेने, अठराशेच्या आसपास चालते. पण अडथळा काढला की बुडवेगिरी वाढते. नंबरप्लेटचा फोटो काढून बिल पाठवायचं तर पत्ता अद्ययावत हवा, परराज्यातल्या गाडीची नोंद मिळायला हवी, आणि वसुलीचा खर्च टोलपेक्षा मोठा होता कामा नये. ४०७ वर थकबाकीदाराची नंबरप्लेटच नूतनीकरणाला अडते. असा शेवटचा चिमटा नसेल तर बिनअडथळ्याचा टोल म्हणजे दानपेटी.

---

विनाटोल

इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर इंधनकर तसाही संपणारच. मग सगळीकडे टोल?

---

एक्सललोड

टोलच असं नाही. न्यूझीलंडमध्ये डिझेल गाड्यांना १९७८ पासून किलोमीटर विकत घ्यावे लागतात, वजन आणि एक्सलप्रमाणे दर. एप्रिल २०२४ पासून इलेक्ट्रिक गाड्याही त्यात आल्या. ओरेगनने २०१५ मध्ये मैलामागे शुल्काची ऐच्छिक योजना आणली. याचा फायदा असा की सगळं जाळं एकत्र येतं, त्यामुळे टोल चुकवायला गावातल्या रस्त्यावर वळणारा ट्रक राहत नाही.

---

लिलावपंडित

तयार रस्ता भाड्याने देण्यावर कुणी लिहिलं नाही. इंडियाना टोल रोड २००६ मध्ये ७५ वर्षांसाठी ३८० कोटी डॉलरला दिला, पैसे आगाऊ. कंपनी २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण राज्याने आपले पैसे केव्हाच घेतलेले होते आणि रस्ता सुरूच राहिला. नवी जमीन नाही, बांधकामाची जोखीम नाही, वाहतुकीची जुनी नोंद हातात. मग अडलं कुठे? मंदी, आणि नंतरच्या वर्षांत फुगत जाणारी कर्जाची रचना.

सरकारच्या बाजूने खरा प्रश्न पैसे कुठे गेले हा. ७५ वर्षांचं उत्पन्न विकून दहा वर्षांची कामं केली तर पुढच्या पिढीला टोलही भरायचा आणि रस्ताही नव्याने बांधायचा. याला कर्ज म्हणत नाहीत, एवढंच.

---

हिशेबनीस

"कर्ज म्हणत नाहीत" हा मोठा मोह आहे. युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या २००४ च्या निर्णयानुसार बांधकामाची जोखीम, आणि शिवाय उपलब्धतेची (रस्ता वापरण्याजोगा ठेवण्याची) किंवा मागणीची (वाहतुकीची) यांपैकी एक, खासगी भागीदाराकडे असेल तर प्रकल्प सरकारच्या ताळेबंदाबाहेर ठेवता येतो. मग करार त्या व्याख्येत बसवण्यासाठी लिहिले जातात. पोर्तुगालने १९९० च्या दशकाच्या शेवटी शॅडो टोलवर महामार्ग काढले. बांधताना तिजोरीला काही लागलं नाही, बिलं नंतर आली, आणि २०१० पासून त्याच रस्त्यांवर खरा टोल लावावा लागला. त्यातल्या बऱ्याच रस्त्यांवरचा टोल १ जानेवारी २०२५ पासून पुन्हा काढला. रस्ता तोच, पैसे भरणारा दोनदा बदलला.

भारताचा २०१६ चा हायब्रिड ॲन्युइटी प्रकार इथे बसतो. ४० टक्के बांधकाम चालू असताना, उरलेले ६० टक्के पंधरा वर्षं सहामाही हप्त्यांनी, टोल सरकार गोळा करतं. कंपनीकडे बांधकाम आणि देखभाल, सरकारकडे वाहतूक. मला ही वाटणी प्रामाणिक वाटते. कंत्राटदार थराची जाडी ठरवू शकतो, त्या भागातलं अर्थकारण नाही. पण हप्ते ही पंधरा वर्षांची देणी आहेत. ती अर्थसंकल्पात एका ठिकाणी, वर्षवार छापली पाहिजेत, नाहीतर हाही पोर्तुगालच.

---

विनाटोल

शेवटचं. पैसे वसूल झाल्यावर टोल खरंच कुठे बंद झालाय का, की सगळं कागदावर?

---

कलमवाचक

झालाय. ब्रिटनचे सेव्हर्न नदीवरचे पूल. करार मुदतीवर नव्हता, ठराविक रकमेवर होता. रक्कम पुरी झाली, जानेवारी २०१८ मध्ये पूल सरकारकडे परत आले, त्याच दिवशी टोलवरचा व्हॅट गेला म्हणून दर उतरले, आणि १७ डिसेंबर २०१८ ला टोल पूर्ण उठला. पुलांची देखभाल आता करातून होते.